बाबांच्या शेडची लाईन

ऐक ना. नाही, आधी बस, तो फोन उलटा ठेव आणि नुसतं ऐक. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, आणि "बिचारी" तर मुळीच म्हणायचं नाही. शेवटी मी विचारेन, तेव्हा बोल.

तुला माहितीये ना, आमच्याकडे आईबाबा एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणजे आत्ताआत्तापर्यंत बोलायचे, पण माझ्यातून. जेवायला बसलो की मी मध्ये. आई म्हणणार, "विचार तुझ्या बाबांना, अजून वाढू का." बाबा हाताच्या अंतरावर! बाबा म्हणणार, "सांग तिला, पुरे." मग मी, "आई, पुरे." मग आई, "ऐकलं मी. बहिरी नाहीये." अगं मग मला कशाला मध्ये घालता! एकदा वैतागून मी तोंडच उघडलं नाही, तर दोघंही ताटात बघत बसले. भाजी गार झाली, भात गार झाला, कुणी कुणाला काही विचारेना. मग मीच हरले. परत सुरू केलं, "बाबा, आई विचारतेय."

हे सगळं कशावरून झालं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

बाबा शाळेची बस चालवायचे. किती वर्षं, ते त्यांनाच माहीत. त्यांच्या बसमध्ये बसलेली मुलं आता स्वतःची मुलं सोडायला यायची. आणि एक दिवस घरी आले, किल्ल्यांच्या जागी नुसता रिकामा हूक दाखवला आणि म्हणाले, "सोडली नोकरी. कंटाळा आला."

आईला वाटलं, चेष्टा करतायत. नंतर कळलं, खरंच सोडलीये. धडधाकट माणूस, कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही, आणि घरी येऊन बसला. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत दिवसभर उभी. चादरी, चादरी आणि चादरी. घरी येते तेव्हा तिच्या बोटांना सुरकुत्या पडलेल्या असतात, पाण्यात राहून राहून. आणि हे खुर्चीत. तिच्या जागी मी असते तरी चिडले असते.

पण खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती फक्त मला माहीत होती. बाबांचे डोळे चालले होते. दिवसा ठीक. संध्याकाळ झाली की त्यांना रस्त्याची कडच दिसेनाशी व्हायची. शेवटच्या आठवड्यात एका मुलाला उतरवलं आणि तो बसच्या पुढून गेला की मागून, हेच त्यांना कळेना. तसेच थांबून राहिले. मागून हॉर्नवर हॉर्न. मग मदतनीस बाईंनी सांगितलं की गेला तो घरात, तेव्हा गिअर टाकला. दुसऱ्या दिवशी किल्ल्या देऊन आले. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले होते, आईला न सांगता. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. हळूहळू, पण वाढतच जाणार.

रस्त्यात बाबांनी माझा हात धरला. "आईला नाही सांगायचं."

"का पण?"

"तुझे आजोबा आठवतात?"

आईचे वडील. मी लहान होते. ते आंधळे झाले होते आणि आईनं त्यांचं सगळं केलं. आंघोळ, जेवण, सगळं, वर्षानुवर्षं. ते गेल्यावर आई स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसून म्हणाली होती, "पुन्हा हे माझ्याच्यानं नाही होणार. देवानं मागितलं तरी नाही." मला आठवत नाही. बाबांना मात्र शब्दन् शब्द पाठ.

"म्हणून नाही सांगायचं," म्हणाले. "माझी शपथ आहे तुला, फ्यूज."

फ्यूज म्हणजे मी. लहानपणी मी पटकन उडायचे, म्हणून. आता वायरमन झाले तर सगळे म्हणतात, बाबांनी आधीच ओळखलं होतं.

तर झालं काय, एकदा संध्याकाळी आईला मदत म्हणून बाबांनी दोरीवरचे कपडे काढून आणले. आईचा उद्याचा युनिफॉर्म खाली चिखलात पडला होता, त्यांना दिसला नाही. त्याच्यावर पाय देऊन आले. आई दमून आलेली. तिनं तो युनिफॉर्म उचलला, बुटाचा ठसा बघितला, आणि म्हणाली, "तुम्ही घरात असलात काय आणि नसलात काय, मला सारखंच."

एवढंच. ओरडलीसुद्धा नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाबा म्हणाले, "बरं." उठले, गादी गुंडाळली आणि मागच्या बागेतल्या शेडमध्ये गेले.

आमची शेड तू बघितलीयेस. पत्र्याचं छप्पर, लाकडी फळ्या, आत फावडी, कुदळ, जुनी सायकल, रंगाचे सुकलेले डबे. त्यांनी ते सगळं एका बाजूला सरकवलं आणि गादी टाकली. मला वाटलं, दोन दिवसांचा रुसवा आहे. आईलाही तसंच वाटलं. ती म्हणाली, "येतील. उंदीर दिसला की येतील." उंदीर दिसला असणार, पण बाबा काही आले नाहीत.

फक्त एक होतं. शेडमध्ये लाईट नव्हती. त्यामुळे उजेड कमी व्हायला लागला की बाबा बागेतून चालत स्वयंपाकघरात यायचे. अंधार पडायच्या आत, पायवाट दिसत असतानाच. ट्यूबखाली खुर्ची ओढायचे, पेपर उघडायचे. आई ओट्याशी. मी मध्ये. जेवण व्हायचं, मी बॅटरी घेऊन त्यांना परत सोडून यायचे. आईला वाटायचं, पोरगी बापाचे लाड करतेय. मी नसते तर ते पहिल्याच वाफ्यात पडले असते.

तेवढा वेळच उरला होता गं. एका खोलीत, एका उजेडात दोघं. बोलत नव्हते, पण बाबांच्या पेल्यातलं पाणी संपलं की आई माझ्याकडे न बघताच तांब्या पुढे सरकवायची. मी मनात म्हणायचे, आज सरकवला, उद्या काहीतरी बोलेल.

आणि मग एक दिवस बाबा मला म्हणतात, "फ्यूज, घरातून शेडपर्यंत वायर टाकून दे. वरून."

मी विचारलं, "कशाला?"

"अगं, काल पेला पाडला मी. तिनं बघितलं माझ्याकडे. असं बघितलं." त्यांनी डोळे बारीक करून दाखवलं. "कळेल तिला एक दिवस. इथं दिवा असला की मला तिकडं यायला नको. जेवण तू आणून देशील, नाही का?"

त्यांना दिवा हवा होता म्हणजे आईला त्यांचा अंधार दिसणार नाही. आणि तो दिवा लावायचा कुणी, तर मी. घरात दुसरा वायरमन आहे कुठे!

मग मी टाळाटाळ सुरू केली. एवढं लांब टाकायचं तर जाड वायर हवी, ती दुकानात नाहीये. शेडचं छप्पर बुटकं आहे, वायर डोक्याला लागेल, पाइप उभा करावा लागेल. आमचे उस्ताद, ज्यांच्या हाताखाली मी काम करते ते, शिडी देत नाहीयेत. उस्तादांना बिचाऱ्यांना पत्ताच नव्हता. एकदा बाबा रस्त्यात भेटले आणि त्यांना म्हणाले, "शिडीचं तेवढं बघा." उस्ताद माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, "शिडी? ती तर हिच्याकडेच आहे."

आईकडे गेले. म्हटलं, ती तरी नाही म्हणेल. म्हटलं, "आई, बाबांना शेडमध्ये लाईट हवीये."

ती कणीक मळत होती. हात थांबले. मग परत चालू. "मग दे की. त्यांना तिकडंच राहायचंय तर अंधारात कशाला?"

"अगं पण..."

"पण काय? मी काय दोरी बांधून ठेवलीये? सांग त्यांना, माझी काही हरकत नाही."

आणि सांगितलं मी. अक्षरशः तेच शब्द. टेलिफोन लाईनच ना मी.

तरी टाळतच होते. तर एका रविवारी मी बाहेरून येते आणि बघते काय! बाबांनी स्वतःच लाईन टाकलीये. जुन्या इस्त्रीची वायर, तिला टेबलफॅनची वायर, तिला अजून कसली तरी, असं जोडत जोडत, स्वयंपाकघराच्या खिडकीतून काढून कपडे वाळत घालायच्या दोरीला गुंडाळत गुंडाळत शेडपर्यंत नेली. आणि जोडांवर काय लावलं असेल? जखमेवर लावतात ती चिकटपट्टी! आणि आई बादली घेऊन उभी, ओली चादर झटकतेय, टाकणार त्याच दोरीवर.

मी कशी धावले माझं मला माहीत. खिडकीतून हात घालून प्लग ओढला. आई म्हणते, "काय झालं किंचाळायला?" बाबा शेडच्या दारातून, "लागला होता की गं दिवा! चांगला लागला होता!"

"बाबा, आई मेली असती आत्ता!"

आईनं चादर परत बादलीत टाकली. बाबा त्या चिकटपट्टीकडे बघत राहिले. त्यांना ते जोड नीट दिसलेही नसणार, शेडच्या अंधारात चाचपून केले होते. तेव्हाच मला कळलं, मी टाकली नाही तर हे कसंही करून टाकणारच. आणि कुणीतरी चिकटून मरणार. म्हटलं, ठीक आहे. करते. पण नीट करते.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच सुरू केलं. हे काम एकट्यानं होत नाही, तुला सांगते. आधी आधाराची तार ओढायची, लोखंडी, दोन्हीकडे हूक ठोकून. काळी वायर नंतर त्या तारेवर क्लिपांनी लटकवायची, म्हणजे ओझं सगळं तारेवर येतं, वायरवर नाही. आणि तार ताठ ओढायची नाही, झोळ ठेवायचा. थोडासा. थंडीत तार आकसते ना, झोळ नसेल तर हूकच उपटून काढते. म्हणजे एकानं एका टोकाला ओढायचं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या टोकाला सांगायचं, ढील दे, ताण, थांब.

तर आता बघ. घराकडच्या भिंतीला शिडीवर मी. शिडी धरून खाली आई. बागेच्या दुसऱ्या टोकाला, शेडपाशी, स्टुलावर बाबा. आणि दोघांचं बोलणं बंद.

"सांग त्यांना, फार ओढतायत."

"बाबा, फार ओढताय!"

"तिला सांग, मी धरलीये नुसती."

"आई, त्यांनी धरलीये नुसती."

"नुसती धरली तर एवढी ताठ कशी? सांग, स्टुलावरून खाली उतरा, पडाल."

"बाबा, आई म्हणते पडाल."

"तिला सांग, बसवर चढून टप धुवायचो मी."

"आई, ते बसवर चढून..."

"मला माहितीये कुठं चढायचे ते!"

शेजारच्या घरातली बाई गच्चीवरून बघत होती आणि हसून हसून तिचा चहा सांडला. मलाही हसू यायला लागलं. आणि खरं सांगू, त्या दोघांनाही. आई खाली बघत होती, पण शिडी हलत होती तिच्या हसण्यानं. म्हटलं, चला, ह्या वायरनंच जमवलं वाटतं!

आणि तेवढ्यात माझा हूक फिरला. भिंतीत हूक धरायला जुनीच लाकडी गिट्टी होती, ती आतून भुसा झालेली निघाली. हूक सटकला, तार माझ्या मनगटाला गुंडाळलेली, बाबा तिकडून ओढतायत, आणि मी शिडीसकट बाजूला चालले.

"अहो! सोडा! सोडा आधी!"

आई ओरडली. थेट, माझ्यातून नाही. कितीतरी महिन्यांनी.

बाबांनी तार सोडली. मी भिंतीला चिकटून राहिले कशीबशी. आणि बाबा स्टुलावरून उडी मारून, वाफे तुडवत, धावत आले आणि शिडी धरली. आईनं धरलेलीच होती. त्यांचा हात तिच्या हातावर पडला, आणि दोघांनीही तो काढला नाही. मी वरून बघतेय. बाबा धापा टाकत म्हणाले, "लागलं का?"

आई म्हणाली, "मला नाही. तिला विचारा."

"तुलाच विचारतोय."

आणि मग, अगं, मग मी मूर्खासारखी वरून बोलले, "मला काही नाही झालं, हं! मी ठीक आहे!"

का बोलले मी? कुणी विचारलं होतं मला? तो क्षण त्या दोघांचा होता, आणि मी सवयीनं मध्ये. आईनं हात ओढून घेतला. पदर खोचला. म्हणाली, "सांग बाबांना, जाऊन तिकडचं टोक धरा म्हणावं."

आणि मी सांगितलं.

दुपारपर्यंत काम झालं. नवीन हूक सिमेंटमध्ये बसवला, तार ओढली, झोळ अगदी मोजून मापून ठेवला, काळी वायर क्लिपांनी अडकवली. भिंतीत शिरायच्या आधी वायरला खाली एक वेटोळं दिलं, म्हणजे पाणी आत न जाता तिथून ठिबकतं. शेडमध्ये एक दिवा, एक प्लग. आणि घराच्या बाजूला, स्वयंपाकघरात, शेडची लाईन बंद करायचं वेगळं बटण. ते ठेवावंच लागतं. तिकडं काही झालं तर इथून तोडता आलं पाहिजे. ओट्याच्या बाजूला, खिडकीशेजारी. जागा तीच सोयीची होती. आईच्या हाताच्या उंचीवर.

बाबांनी दिवा लावला, बंद केला, परत लावला. बल्बखाली तळवे धरून बघितले. "उत्तम काम केलंस," म्हणाले. "आता माझा कुणाला त्रास नाही."

त्या संध्याकाळी आईनं त्यांची खुर्ची ट्यूबखाली ओढून ठेवली. म्हणजे सवयीनं. उजेड कमी झाला. अंधार पडला. ते आले नाहीत. खिडकीतून शेडचं दार दिसतं, त्याच्या फटीतून पिवळा उजेड. आई भांडं घासत होती, एकच भांडं, किती वेळ.

"ताट नेऊन दे," म्हणाली. खुर्ची तिनं परत भिंतीला लावली.

दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढलीच नाही. ताट बाजूला काढून ठेवलं, झाकून. मी न्यायचे. बाबा विचारायचे, "तिकडं काय चाललंय?" मी म्हणायचे, "काही नाही." आई विचारायची, "जेवले?" मी म्हणायचे, "हो." म्हणजे लाईन टाकली आणि माझ्यातून जे बोलणं चालायचं ते पण गेलं. आता निरोपसुद्धा नव्हते द्यायला.

मग आला तो दिवस. अंधार नुकताच पडला होता. मी टेबलाशी बसले होते. आई खिडकीत उभी. शेडच्या फटीतला उजेड बघत होती. आणि तिनं, अगदी सहज, डाळ ढवळता ढवळता चमचा ठेवावा तसा, हात लांब केला आणि ते बटण खाली केलं.

फटीतला उजेड गेला.

"आई!"

"गप्प बस." ती माझ्याकडे वळलीच नाही. "येतील आता. विचारायला तरी येतील, लाईट का गेली म्हणून. पूर्वी नाही का यायचे, अंधार झाला की."

तिनं खुर्ची ओढली. ट्यूबखाली. ताट मांडलं, पाणी ठेवलं. केस नीट केले गं तिनं, ओल्या हातानं. मला बघवेना. आणि मग म्हणाली, "आणि तू काही सांगायचं नाहीस त्यांना. मी बंद केलं म्हणून. माझी शपथ आहे. आले की मी म्हणेन, गेली असेल लाईट, बसा."

मला तेव्हा काय झालं, काय सांगू. ते येऊच शकत नव्हते! पूर्वी ते अंधार पडायच्या आत यायचे, पायवाट दिसत असताना. आत्ता मिट्ट काळोख. ते शेडच्या दाराबाहेर पाऊल टाकू शकत नव्हते. आणि हे आईला माहीत नव्हतं, आणि मी सांगायचं नाही असं ठरलेलं. ती दाराकडे बघत होती. मी उठले. "मी बघून येते."

"बस खाली. येतील त्यांचे ते."

बसले. डाळ गार झाली. ती दाराकडे बघतेय, मी तिच्याकडे बघतेय. एकदा बाहेर काहीतरी खडखडलं. ती झटकन उभी राहिली, पदर सारखा केला. कुणी आलं नाही.

शेवटी ती म्हणाली, "अंधारात बसले. पण आले नाहीत." आणि खुर्ची परत भिंतीला लावली. "जा, दे नेऊन ताट."

मी ताट आणि बॅटरी घेऊन गेले. शेडचं दार अर्धं उघडं. सायकल आडवी पडलेली, चाक अजून फिरत होतं. नाही, फिरत नसेल, मलाच वाटलं. बाबा गादीवर बसले होते, एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात नाही. गुडघ्याला खरचटलेलं. म्हणजे उठले होते. यायला निघाले होते. दारापर्यंत आले आणि परत वळले.

बॅटरीच्या उजेडाकडे त्यांनी तोंड केलं, पण माझ्या थोडं बाजूला.

"फ्यूज?"

"हो, मीच."

"खिडकीत उजेड आहे घराच्या. तेवढा दिसतो मला. म्हणजे लाईट फक्त इथली गेली." मग म्हणाले, "तिनं बंद केली का?"

मी बॅटरी खाली केली.

"केली असेल तर सांग. मी रागावणार नाही. उद्या सकाळी तुझ्या आत्याकडे जातो, कायमचा. एक दिवासुद्धा माझा नको असेल तिला, तर मग इथं राहून..." त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. हातानं चप्पल शोधत राहिले. ती त्यांच्या पायाशीच होती.

आता विचार कर. मी "हो" म्हटलं तर ते जातात. "हो, पण तुम्ही यावं म्हणून बंद केली" म्हटलं तर आईची शपथ मोडते, आणि तिनं केस नीट केले होते तेही सांगावं लागतं, आणि ते तिला कळलं तर ती आयुष्यात माझ्यासमोर मान वर करणार नाही. तिकडं आईला "ते येऊ शकले नाहीत" म्हणावं तर का ते सांगावं लागतं, आणि का ते सांगितलं की आजोबा. दोन्हीकडून शपथा. आणि ते उत्तराची वाट बघतायत, माझ्या बाजूच्या भिंतीकडे बघत.

माझ्या तोंडून निघालं, "नाही हो बाबा. माझाच जोड सैल होता. घराकडचा. आत्ता लक्षात आलं, करते घट्ट."

त्यांचा चेहरा कसा सुटला तुला सांगू! हसलेच. "वायरमन म्हणे! अगं, मी चिकटपट्टीनं केलेला जोड टिकला होता. मला वाटलं... जाऊ दे काय वाटलं."

मी घरी आले. आई ओट्याशी, पाठमोरी. "काय म्हणाले? विचारलं, कुणी बंद केलं?"

"नाही," म्हटलं मी. आता दुसरं काय म्हणणार होते?

"विचारलंही नाही," ती म्हणाली. स्वतःशीच. आणि बटण वर केलं. फटीत उजेड आला.

सकाळी म्हणाली, "ते बटण इथून हलव. वर कुठंतरी घे, माझा हात पोचणार नाही असं." हलवलं. आणि गेल्या आठवड्यात तिनं लाँड्रीत रात्रपाळी मागून घेतली. म्हणाली, संध्याकाळी घरात थांबून करायचं काय? आता ती निघते तेव्हा बाबांचा दिवा लागलेला असतो, आणि परत येते तेव्हा ते झोपलेले. एकमेकांना दिसतसुद्धा नाहीत. ती म्हणते, हा माणूस अंधारात बसेल पण माझ्याकडे येणार नाही. ते म्हणतात, ती भली बाई आहे, दिवा तरी जळू देते.

आणि बाबा आता तो दिवा दुपारीच लावतात. काल मी गेले तर बाहेर लख्ख ऊन, आणि ते बल्बखाली पेपर धरून बसलेले. पेपर उलटा नव्हता, एवढंच. मी म्हटलं, "वाचताय?" म्हणाले, "वाचतोय की." पान काही उलटत नव्हते.

तर आता बोल. एकदम "खरं सांगायला हवं होतं" म्हणू नकोस, ते मलाही कळतं. मी सांगतेय ती जागा डोळ्यांसमोर आण. हातात बॅटरी, दुसऱ्या हातात ताट, ते एका पायात चप्पल घालून बसलेत आणि विचारतायत, तिनं बंद केली का.

तू काय सांगितलं असतंस?